उडीनंतरचं पाणी

मे महिन्याच्या सुट्टीत घरात पाच पोरं जमली की दुपारच्या उन्हात त्यांना कुठंतरी बसवून ठेवावंच लागतं. यंदा 'फ्री विली' लावला. १९९३ सालचा सिनेमा, म्हणजे या पोरांच्या आईबापांच्या शाळेच्या दिवसांतला. आईने सोडून दिलेला आणि नुकताच परक्या घरी ठेवलेला बारा वर्षांचा जेसी. करमणूक बागेतल्या टाकीत एकटा पडलेला, कुणाला जवळ येऊ न देणारा विली नावाचा ओर्का, म्हणजे 'किलर व्हेल'. माउथ ऑर्गनच्या सुरावर दोघांचं जमलेलं मेतकूट. विम्याच्या पैशांसाठी त्या जनावराचा जीव घ्यायचा मालकाचा डाव. आणि मग तो शेवट: समुद्रात शिरलेल्या दगडी बांधावर मुलगा उभा राहतो, हात वर करतो, आणि ते अवाढव्य धूड त्याच्या डोक्यावरून झेप घेऊन पलीकडच्या खुल्या पाण्यात पडतं.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने उठलो. हा सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहत होतो आणि तिसऱ्यांदा रडलो, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे जे लिहिणार आहे ते अशा सिनेमांवर दात ठेवून लिहिलेलं नाही.

सगळ्यात धाकट्या भाचीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "आता त्याला मासे कोण देणार?"

"अगं येडे, समुद्रात मासेच असतात," थोरल्याने तिला उडवून लावलं. ती गप्प बसली, पण तिला पटलेलं दिसलं नाही. का पटावं? इतका वेळ तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती: मुलगा बादलीतून मासा काढतो, वर धरतो, आणि तो आ करतो. मासा स्वतः धरून खाताना तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

लहान मूल आणि रानातलं जनावर यांच्या दोस्तीचे सिनेमे मुलांना दाखवू नयेत, असं म्हणणारी मंडळी आहेत. उद्या पोरं वाघाच्या गळ्यात पडायला जातील, ही त्यांची भीती. मला ती फारशी पटत नाही. कोंबड्याला घाबरून आईच्या पदराआड लपणारं पोर सिनेमा पाहून वाघाला मिठी मारायला निघत नाही. दोस्तीबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार त्या उडीबद्दल आहे. जनावर सोडून देणं हे एका झेपेत उरकणारं काम आहे, भिंत ओलांडली की ते 'आपल्या घरी' पोचलं, ही समजूत हे सिनेमे रुजवतात. आणि ती मुलांच्या डोक्यात राहिली तरी एक वेळ चालेल; मुलांच्या हातात पिंजरे नसतात. मोठ्यांच्या हातात असतात.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर उपलब्ध आहे. त्याला दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च आला आणि ते पूर्ण मिळायला दहा वर्षं लागली.

सिनेमात विलीचं काम करणाऱ्या ओर्काचं नाव केईको. १९७९ साली आइसलँडच्या समुद्रात त्याला जाळ्यात धरलं, तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. ओर्काला आपण व्हेल म्हणतो, पण तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यात मोठा. त्यांच्यातल्या कित्येक कळपांत लेक आईला जन्मभर सोडत नाही. प्रत्येक कळपाची हाकांची स्वतःची बोली असते, शिकारीची स्वतःची रीत असते, आणि ती शेजारी पोहत पोहत वर्षानुवर्षं शिकायची असते. दोन वर्षांचं पिल्लू म्हणजे बालवाडीतून उचललेलं पोर. आधी आइसलँडमधलं मत्स्यालय, मग कॅनडा, आणि १९८५ पासून मेक्सिको सिटीतली एक करमणूक बाग. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असलेल्या शहरात, नळाच्या पाण्यात मीठ कालवून केलेल्या कोमट टाकीत, बर्फाळ समुद्राचा प्राणी. वजन घटलेलं, कातडीवर चामखिळींसारखे फोड, पाठीवरचा उभा पर एका बाजूला लुळा पडलेला. सिनेमाचं चित्रीकरण याच टाकीत झालं. शेवटची उडी त्याने मारलीच नाही. ती तंत्रज्ञांची करामत. पडद्यावर विली समुद्रात गेला आणि केईको टाकीतच राहिला.

हे कळल्यावर जगभरच्या शाळकरी मुलांनी जे केलं ते विसरता येत नाही. पत्रं लिहिली, खाऊचे पैसे पाठवले. सिनेमा कंपनीने आणि एका अब्जाधीशानेही हात सैल सोडला, संस्था उभी राहिली. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर त्याच्यासाठी खऱ्या समुद्राच्या थंड पाण्याची मोठी टाकी बांधली गेली. १९९६च्या जानेवारीत त्याला मालवाहू विमानाने तिथे नेलं, त्या रात्री मेक्सिको सिटीतले लोक त्याला निरोप द्यायला रस्त्याच्या कडेला उभे होते. ओरेगॉनमध्ये त्याचं वजन वाढलं, कातडी सुधारली. आणि तिथे माणसं त्याला काय शिकवत होती? जिवंत मासा धरायला. माझ्या भाचीचा प्रश्न तिथल्या तज्ज्ञांच्या कामाच्या यादीत पहिल्या काही ओळींत होता.

१९९८च्या सप्टेंबरात त्याला लष्करी विमानाने आइसलँडला, वेस्टमन बेटांवर आणलं. खाडीत जाळीचं कुंपण घालून त्याला ठेवलं. पुढे बोटीच्या मागोमाग त्याला खुल्या समुद्रात फिरवायला नेऊ लागले, जसं आपण आजारातून उठलेल्या माणसाला कोपऱ्यापर्यंत चालवून आणतो तसं. रानटी ओर्कांचे कळप तिथे येत. तो त्यांच्या आसपास जाई, बराच वेळ काही अंतरावर थांबून राही. लग्नात कुणी ओळखीचं नसलेला पाहुणा मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो ना, तसा. त्याचा स्वतःचा कळप कधीच सापडला नाही.

२००२च्या उन्हाळ्यात तो अखेर बोट सोडून निघून गेला. अंगावर उपग्रहाला खूण पाठवणारं यंत्र होतं. कित्येक आठवडे तो एकटा पोहत राहिला, हजारभर किलोमीटरहून जास्त, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉर्वेच्या एका खाडीत शिरला. तिथे माणसं होती, मुलं होती. तो त्यांच्याकडे गेला. मुलं पाण्यात उतरली, त्याच्या पाठीवर बसली, आणि तो बसू देत होता. गर्दी इतकी झाली की शेवटी सरकारला त्याच्यापासून लांब राहण्याचा नियम करावा लागला. मग त्याला जवळच्याच एका निवांत खाडीत नेलं, देखरेखीला माणसं ठेवली, मासे दिले. १२ डिसेंबर २००३ला तो न्यूमोनियाने मेला. सत्ताविशीतला होता.

मी हे शोधून वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि त्याचं कारण त्याचं मरण नव्हतं. सगळा समुद्र मोकळा असताना तो पोहत पोहत माणसांच्या मुलांकडे आला, हे माझ्या डोक्यातून जाईना. सिनेमा जिथे संपला होता तिथेच तो परत गेला. उडी उलटी मारली म्हणा ना.

आता दुसरी बाजू. केईकोवरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, एवढ्या पैशांत समुद्राचं कितीतरी भलं झालं असतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला हा हिशेब कोता वाटतो. तो सिनेमा आला नसता तर ते पैसे समुद्राच्या भल्यासाठी वेगळे काढून ठेवलेले नव्हते; ते कुठेच नव्हते. मेक्सिकोच्या टाकीत तो आणखी काही वर्षांत कुजून मेला असता. त्याऐवजी त्याला खरं पाणी मिळालं, भरतीओहोटी मिळाली, दिशा निवडायला मिळाली. ओर्कांना टाकीत ठेवून खेळ करून घेण्याबद्दल जगाच्या मनात जी शंका आली, तीही बऱ्याच अंशी त्या मुलांच्या पत्रांतून आली. आपल्याकडे २०१३ साली केंद्र सरकारने डॉल्फिनच्या खेळांची केंद्रं उघडायला परवानगी न देण्याचं ठरवलं. तोवर जगात हवा बदललेली होती, आणि ती बदलायला एका कौटुंबिक सिनेमाचा हातभार लागला होता. हे श्रेय नाकारणं खोटेपणाचं होईल.

पण त्याच सिनेमाची पहिली पाच मिनिटं पुन्हा पाहा. समुद्रात ओर्कांचा कळप चालला आहे. बोटी येतात, जाळी पडतात, एकाला वेगळं काढतात, बाकीचे बाहेर घुटमळतात. मग शीर्षकं संपतात आणि गोष्ट सुरू होते. जे काही बिघडलं ते त्या पाच मिनिटांत बिघडलं. पुढचे पावणेदोन तास आपण ते दुरुस्त होण्याची वाट पाहतो आणि ते होऊ शकत नाही, कारण १९७९ची जाळी १९९३च्या उडीने उसवत नाहीत. केईकोला परत रानटी करण्याच्या प्रयत्नात जे संशोधक होते, त्यांनी २००९ साली लेख लिहून सरळ कबूल केलं, की तो रानटी कळपात मिसळला नाही आणि माणसांची सोबत त्याने सोडली नाही. एवढा पैसा, एवढी माया, एवढी हुशारी ओतूनही.

हे सगळं परदेशातलं, थंड समुद्रातलं. मग मी जुन्नरकडे का वळतो आहे? कारण उडीवरची श्रद्धा आपल्याकडे सरकारी फायलीत शिरली होती.

जुन्नर वनविभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा पट्टा. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. ऊस म्हणजे वर्षभर उभं राहणारं, आत माणूस न शिरणारं, पाण्याला लागून असलेलं दाट रान. बिबट्याने त्यात संसार थाटला. कुत्री, डुकरं, शेळ्या, सगळं हाकेच्या अंतरावर. आज या भागातल्या कित्येक बिबट्यांनी जंगल म्हणतात ते पाहिलेलंही नाही. उसात जन्मले, उसात वाढले. २००१ पासून गावोगाव पिंजरे लागले. २००३ पर्यंत शंभरच्या घरात बिबटे धरले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. पिंजऱ्याचं दार उघडलं, जनावर झेपावलं, झाडीत गेलं. टाळ्या.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला आणि २०११ साली छापला. धरा-आणि-सोडा मोहिमेच्या आधी जुन्नर विभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले. जीव जाणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. बिबट्याला त्याच्या ठावठिकाण्यावरून उचलून अनोळखी मुलखात टाकलं की तो घरची वाट शोधत भटकतो, बिथरलेला असतो, माणसांच्या वस्त्यांतून जातो. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा कुणी बिबट्या धरतोच. ज्याला आपण 'सोडणं' म्हणत होतो ते त्या जनावराच्या लेखी दुसऱ्यांदा धरून नेणं होतं.

इथे मला जपून बोललं पाहिजे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. ज्याच्या घरातलं पोर अंगणातून उचलून नेलं त्याला मी पुण्यात पंख्याखाली बसून संशोधनाचे आकडे ऐकवणार नाही. तिथला नरभक्षक ठरलेला बिबट्या गोळी घालून मारला गेला, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. पण त्याच वेळी 'सगळे बिबटे उचला आणि बाहेर कुठंतरी नेऊन सोडा' ही जी मागणी पुन्हा उठली, तिच्यातलं 'कुठंतरी' मला छळतं. हे कुठंतरी कुठे आहे? तिथे कुणाचं अंगण नाही? सिनेमातल्या बांधापलीकडचं निळं पाणी आणि आपल्या मागणीतलं 'जंगल' ही एकाच पडद्यावर रंगवलेली चित्रं आहेत. दोन्हींत कुणी राहत नसतं.

माणसाची मायासुद्धा असाच शेवट मागते. नांदणी मठातली माधुरी हत्तीण २०२५च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या प्राणी-केंद्रात नेली, तेव्हा कोल्हापूर भागात लोक ढसाढसा रडत रस्त्यावर आले. एका बाजूला 'तिची सुटका झाली', दुसऱ्या बाजूला 'आमची लेक नेली'. दोन्ही बाजूंना एकेक झेप हवी होती, एकीला तिकडे, दुसरीला इकडे. हत्तीच्या पायांना काय लागतं, उरलेली वर्षं तिच्याबरोबर रोज कोण असेल, दुसऱ्या हत्तींशी तिचं जमेल का, हे कंटाळवाणे प्रश्न घोषणेत बसत नाहीत.

मला केईकोच्या शेजारी एक बिबट्या ठेवावासा वाटतो. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला, वयस्कर, शांत. संशोधकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. जंगल चांगलं होतं. आजोबा तिथे थांबले नाहीत. महिनाभराच्या आत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडून, महामार्ग ओलांडून, वसईकडून ते मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचले. वाटेत किती गावं, किती अंगणं, किती झोपलेली माणसं. कुणाला ओरखडा नाही. बहुतेकांनी त्यांना पाहिलंही नाही. २०११च्या डिसेंबरात पार्काजवळच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

दोघांच्याही अंगावर यंत्र, दोघांचाही प्रवास उपग्रहाने टिपलेला. एक जण मोकळा समुद्र पार करून माणसांकडे आला, दुसरा माणसांच्या गर्दीतून कुणाला न शिवता गेला. फरक जातीचा नव्हता. केईकोला बाळपणी माणसाच्या हाताची सवय लावली होती आणि आजोबाला कुणी कधी हात लावला नव्हता, भूल दिलेले काही तास सोडून. माझं सगळं म्हणणं या दोन नकाशांत आहे. प्रेमाने का होईना, बादलीतून दिलेला प्रत्येक मासा त्या जनावराच्या खात्यावर कर्ज म्हणून चढत असतो, आणि ते कर्ज आपण फेडत नाही, ते फेडतं.

आजोबाच्या प्रवासावर २०१४ साली मराठीत सिनेमा आला. त्यात गोष्ट संशोधक बाईंची होती, मुलाची नव्हती. आणि मला वाटतं मराठीत मुलासाठीची गोष्ट अजून बाकी आहे. अडचण जनावराची नाही. १९९८च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळ करायला लावणं आपल्याकडे बंद झालं, (हत्ती त्या यादीत नव्हता, आणि तो का नव्हता हे कुठल्याही देवस्थानाच्या दारात उभं राहिलं की कळतं). आता पडद्यावरचा वाघ संगणकावर घडतो आणि मिशांच्या केसापर्यंत खरा दिसतो. म्हणजे खऱ्या जनावराला राबवायचं पाप टळलं. गोष्ट मात्र जुनीच राहिली: मूल हात पुढे करतं, जनावर डोकं टेकवतं, संगीत वाढतं. त्या संगणकाला हात मागे घेणारं मूल काय घडवता येत नाही?

"असा सिनेमा पाहणार कोण?" असं एका चित्रपटवाल्या मित्राने विचारलं. स्पर्शच नाही तर भावना कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी त्याला जे सांगितलं ते इथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी आंबेगाव तालुक्यात मामांकडे होतो. उसाला तोड आली होती. बीडकडची टोळी, बांधाला कोप्या टाकलेल्या. सकाळी नऊच्या सुमारास फडातून एकदम कोयते थांबले. तो आवाज थांबला की लांबूनही कळतं. जाऊन पाहतो तर सरीत, पाचटाच्या खळग्यात, बिबट्याची दोन पिल्लं. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले, निळसर. आणि तिसरं एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या ओढणीत. ती टोळीतल्याच कुणाची तरी. तिने ते छातीशी धरलं होतं आणि तिला चारी बाजूंनी मोठी माणसं ओरडत होती, "खाली ठेव, खाली ठेव, आई इथंच असंल!" ती काही ठेवेना. "थंडी वाजतीय त्याला," एवढंच म्हणत होती.

अर्ध्या तासात वनरक्षक आणि रेस्क्यूची दोन पोरं आली. हातमोजे घालून त्यांनी पिल्लं घेतली, तपासली, वजन केलं. तिच्याकडून घेताना मात्र तो वनरक्षक उकिडवा बसला आणि तिच्याशी बोलला. तो काय म्हणाला ते सगळं ऐकू आलं नाही. "तुझी आई तुला रात्री शोधती का नाही?" एवढं ऐकलं. मुलगी विचारात पडली. मग विचारलं, "नेलं तर मला परत दिसंल का?"

"नाही दिसायचं," तो म्हणाला.

त्याने खोटं सांगितलं नाही, याचं मला फार वाटलं. "मोठं झालं की येईल हं तुला भेटायला," असं सहज म्हणता आलं असतं. सिनेमात तेच म्हटलं असतं.

त्या भागात हे काम आता सरावाचं झालं आहे. पिल्लं उचलून बिबट्यांच्या निवारा केंद्रात न्यायची नाहीत. नेली तर ती जन्माची पिंजऱ्यात. माणिकडोहच्या केंद्रात अशी जन्मठेप झालेली जनावरं आहेतच. जिथे सापडली तिथेच ठेवायची आणि आईला येऊ द्यायचं. पेटी लागणार होती, तर मामांनी टोमॅटोचं क्रेट दिलं. नारायणगावच्या बाजारात जातात तसलं, प्लास्टिकचं. त्यात पाचट घातलं, पिल्लं ठेवली, वरून हलकं झाकण, आईला पंजाने सहज ढकलता येईल असं. त्या तुकड्यातली तोड थांबली. मुकादम कुरकुरला, कारण दिवस बुडाला की टोळीची मजुरी बुडते, आणि ते खरंच होतं. मामांनी त्यातलं काही भरून दिलं, सगळं नाही. ट्रॅप कॅमेरा लावला. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना कोप्यांपाशी हाकललं, पोरांना तर आतच बसवलं. मुलगी कोपीच्या दारातून फडाकडे बघत होती. कंदील विझवायला सांगितला होता, तोही तिनेच विझवला असं तिची आई नंतर सांगत होती.

रात्री मला घरात झोप लागत नव्हती. कुत्री एकदा खूप भुंकली आणि एकदम गप्प झाली.

कॅमेऱ्यात दीड-दोन तासांच्या अंतराने पिल्लांच्या आईच्या तीन खेपा निघाल्या. एकेक पिल्लू मानगुटीत धरून. शेवटच्या चित्रात ती कॅमेऱ्याकडे पाहते आहे, डोळे दोन पांढरे ठिपके. वनरक्षकाने मोबाइलवर ते सगळ्यांना दाखवलं. मुलीनेही पाहिलं. हसली नाही, रडली नाही. "मधलं माझं होतं," म्हणाली. तिन्ही सारखीच दिसत होती, तिला कसं कळलं कोण जाणे.

मित्राला मी म्हटलं, यात तुला भावना कमी पडली का? तो म्हणाला, शेवट नाही याला. बाई पिल्लं घेऊन गेली, पुढे काय? मी म्हटलं, पुढचं तिचं.

त्या सकाळी फडात कोयते पुन्हा सुरू झाले. मुलगी आईच्या मागे वाढं गोळा करत होती. मामांनी क्रेट उचललं, उलटं करून आतलं पाचट झटकलं, तळाला चिकटलेले दोन-चार पिवळे केस नखाने काढले आणि ते गाडीत टाकलं. संध्याकाळी टोमॅटो भरायचे होते, आणि क्रेटं मोजकीच होती.